बेलिंग्सहाउझेनचा ढीग : पंचवीस देशांचे तरुण आणि हजार टन भंगार

अंटार्क्टिकाच्या नकाशावर दक्षिण अमेरिकेच्या दिशेनं वर आलेली एक लांब पट्टी दिसते. तिच्या किनाऱ्यापासून साधारण सव्वाशे किलोमीटरवर किंग जॉर्ज नावाचं बेट आहे. बेट जवळजवळ सगळं हिमनदीखाली आहे, नैऋत्य टोकाकडचा फिल्डेस हा भाग मात्र उन्हाळ्यात उघडा पडतो. डिसेंबर ते फेब्रुवारी तिथलं तापमान शून्याच्या जरा वर जातं, चिखल होतो, दगडांवर शेवाळ आणि दगडफूल दिसू लागतं. सोव्हिएत संघानं १९६८ साली इथे बेलिंग्सहाउझेन हा संशोधन तळ उभारला. शेजारी चिली आला, मग उरुग्वे, मग चीन. चिलीनं तर विमानांसाठी धावपट्टीही बांधली. अंटार्क्टिकाच्या मानानं ही भरवस्तीच म्हणायची.

या तळामागे नव्वदच्या दशकात भंगाराचा प्रचंड ढीग साचलेला होता. इंधनाची रिकामी पिंपं, गंजलेल्या टाक्या, मोडकी ट्रॅक्टरं, यंत्रांचे सुटे भाग, पत्रे, तारा. १९९६ ते २००२ या काळात तो तिथून उचलून दक्षिण अमेरिकेत पुनर्वापरासाठी नेला गेला, आणि त्याची सुरुवात जगभरातून जमवलेल्या तरुणांच्या एका मोहिमेतून झाली. तरुणांना देशोदेशी नेऊन कचरा, पुनर्वापर, पर्यावरणाची जबाबदारी वगैरे शिकवण्याचे कार्यक्रम आज पुष्कळ चालतात. बहुतेकांत चर्चासत्रं असतात, जुन्या कागदाच्या पिशव्या बनवल्या जातात आणि शेवटच्या दिवशी आपापल्या देशाचा पोशाख घालून फोटो काढले जातात. बेलिंग्सहाउझेनचं प्रकरण त्यांच्यापेक्षा वेगळं का ठरलं आणि कुठे कमी पडलं, हे नीट पाहण्यासारखं आहे.

ढीग कसा साचला

अंटार्क्टिकात तळ चालवायचा म्हणजे मुख्यतः सामान वाहायचं. खिळ्यापासून डिझेलपर्यंत प्रत्येक वस्तू जहाजानं आणावी लागते. जहाज उन्हाळ्यात येतं, माल उतरवतं आणि बर्फ आवळायच्या आत निघून जातं. परतीच्या फेरीत रिकामी पिंपं भरत बसायला ना वेळ असतो ना मनुष्यबळ. 'पुढच्या वर्षी बघू' असं म्हणत वीस-पंचवीस वर्षं गेली.

यात रशियनच तेवढे बेफिकीर होते असं समजायचं कारण नाही. रॉस बेटावरच्या अमेरिकेच्या मॅकमर्डो तळावर कचरा उघड्यावर टाकला आणि जाळला जायचा. ग्रीनपीस या पर्यावरणवादी संस्थेनं १९८७ साली त्याच बेटावर स्वतःचा छोटा तळ थाटून या गोष्टी जगासमोर आणल्या आणि १९९२ मध्ये तो तळ मोडून सगळं सामान परत नेलं. ऑस्ट्रेलियाच्या केसी तळाजवळही जुनं कचराकुंड होतं. फरक असा, की खंडाच्या आतल्या तळांवर बर्फ पडत राहतो आणि कचरा हळूहळू त्याखाली झाकला जातो. फिल्डेसचा बर्फ दर उन्हाळ्यात वितळतो, त्यामुळे तिथे काहीच लपत नाही.

त्यात १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला. नव्या रशियाला तळावरच्या माणसांना रसद पोचवणंही जड जात होतं. भंगार परत नेण्यासाठी जहाज भाड्यानं घेणं तर प्रश्नाबाहेरच.

रॉबर्ट स्वॉन यात कसे आले

भंगाराची ही मोहीम उभी करणारे रॉबर्ट स्वॉन हे इंग्लंडमधल्या डरहॅमचे ध्रुवप्रवासी. ११ जानेवारी १९८६ रोजी ते, रॉजर मिअर आणि गॅरेथ वुड असे तिघे सुमारे चौदाशे किलोमीटर घसरगाड्या ओढत दक्षिण ध्रुवावर पोचले. त्याच सुमारास किनाऱ्याजवळ त्यांचं 'सदर्न क्वेस्ट' हे जहाज बर्फात चिरडून बुडालं. जिवंत राहिले, पण घरी जायला जहाज नाही आणि डोक्यावर कर्ज, अशी अवस्था. अंटार्क्टिकावरचा ओझोनचा थर विरळ झाल्याचं शास्त्रज्ञांनी नुकतंच, १९८५ मध्ये जाहीर केलं होतं, आणि हे तिघे त्याच आभाळाखालून चालले होते. स्वॉनच्या चेहऱ्याची कातडी सोलवटली, डोळ्यांना इजा झाली. इथे काहीही मागे ठेवायचं नाही, असं वचन त्यांनी समुद्रसंशोधक जाक कुस्तो यांना दिलं होतं, हेही ते पुढे व्याख्यानांतून सांगत राहिले.

१९८९ साली ते वेगवेगळ्या देशांच्या साथीदारांसह उत्तर ध्रुवावर चालत गेले. या मोहिमेला जोडूनच पंधरा देशांतल्या २२ विद्यार्थ्यांना कॅनडाच्या उत्तरेकडच्या एल्समिअर बेटावर नेलं होतं. म्हणजे ध्रुवीय मोहीम आणि तरुणांचं आदानप्रदान ही जोडी तिथेच जमली. १९९२ च्या रिओ वसुंधरा परिषदेत स्वॉन यांनी जबाबदारी घेतली, की तरुण आणि उद्योग यांना बरोबर घेऊन काहीतरी ठोस करायचं आणि दहा वर्षांनी, पुढच्या शिखर परिषदेत, त्याचा हिशेब द्यायचा. ही तारीख या प्रकरणात फार महत्त्वाची ठरली. हिशेब देण्याची तारीख आधीच ठरलेला युवा-कार्यक्रम माझ्या तरी पाहण्यात विरळाच.

१९९६-९७ : पस्तीस जणांची फेरी

१९९६-९७ च्या दक्षिणी उन्हाळ्यात २५ देशांतले ३५ तरुण स्वॉन यांच्याबरोबर अंटार्क्टिकाला गेले. त्यांच्यासमोर किंग जॉर्ज बेटावरचा तो ढीग होता. आता पस्तीस मुलं एका उन्हाळ्यात हजार टन लोखंड हलवू शकत नाहीत, हे कुणालाही कळेल. त्यांनी ते हलवलंही नाही. ढीग बघायचा, तळावरच्या रशियन माणसांशी बोलायचं आणि घरी परतल्यावर यासाठी पैसा आणि पाठिंबा उभा करायचा, हे त्यांच्याकडून अपेक्षित होतं. पुढची पाच-सहा वर्षं हेच काम चालू राहिलं.

भंगाराची निवड मला या सगळ्यात सर्वांत शहाणपणाची वाटते. 'महासागर वाचवा' ही मागणी मोजता येत नाही. बेलिंग्सहाउझेनचा ढीग मोजता येत होता. तो कुणाचा हे माहीत होतं. तिथे पोचणं तुलनेनं सोपं होतं, शेजारी धावपट्टी होती, तळावर बारा महिने माणसं राहत होती. आणि मालाचा बराचसा भाग लोखंड-पोलाद होता, म्हणजे तो वितळवून पुन्हा वापरता येणार हे नक्की होतं. मिश्र कचरा असता तर पुनर्वापराची गोष्ट तिथेच अडकली असती.

एका पिंपाचा प्रवास

दोनशे लिटरचं पत्र्याचं पिंप घ्या. रिकामं असताना ते वीसेक किलोंचं असतं, दोन माणसं सहज उचलतात. पण भंगारातलं पिंप सहसा पूर्ण रिकामं नसतं. तळाशी डिझेलचा गाळ असतो, वर गंजाच्या भोकांतून शिरलेलं पाणी. ते तसंच आडवं केलं तर गाळ जमिनीत जातो, आणि तिथल्या थंडीत मातीतले जिवाणू तेल कुजवायला वर्षानुवर्षं लावतात. म्हणून आधी गाळ वेगळा काढायचा, तो वेगळ्या डब्यात भरायचा, त्यावर खूण करायची. पिंपात तेलाची वाफ उरली असेल तर गॅसकटर लावणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. पिंप जमिनीत गोठून बसलं असेल तर उन्हाळ्याची वाट पाहायची. त्याच्या आडोशाला पक्ष्यानं घरटं केलं असेल तर पिल्लं उडेपर्यंत थांबायचं. मग चेपायचं, बांधायचं, किनाऱ्यावर आणायचं. मोठं जहाज लागेल असा धक्का तिथे नाही, म्हणून तराफ्यावरून जहाजापर्यंत न्यायचं, आणि हे सगळं वारा परवानगी देईल तेव्हा. पुढे अंटार्क्टिका आणि दक्षिण अमेरिका यांच्यामधली ड्रेक सामुद्रधुनी ओलांडायची. तो समुद्र खवळलेला असण्यासाठीच प्रसिद्ध आहे.

आपल्याकडे भंगारवाला दारात येतो, तराजू लावतो आणि आपल्याच हातावर पैसे ठेवतो. इथे त्याच्या येण्याजाण्याचं भाडं आपण भरायचं आणि वर मजुरीही द्यायची. त्या काळात जागतिक बाजारात लोखंडी भंगाराला टनामागे साधारण शंभर डॉलर किंवा त्याहूनही कमी भाव होता. हजार टनांचे फार तर एक लाख डॉलर. अंटार्क्टिकाहून जहाज आणण्याचा खर्च त्यात निघणं शक्यच नाही. पुनर्वापर म्हणजे 'कचऱ्यातून सोनं' असं शाळेच्या फलकांवर लिहिलेलं असतं. या ढिगानं उलटा धडा दिला : वस्तू जिथे नेऊन टाकली, तिथून ती परत आणण्याचा खर्च वस्तूच्या किमतीपेक्षा किती तरी जास्त असू शकतो, आणि तो खर्च नेताना कुणी हिशेबात धरलेला नसतो. एखाद्या कार्यशाळेत तीन तास बोलून हे पोचवणं कठीण आहे.

कुणी केलं, कुणी पैसे दिले

प्रत्यक्ष कापाकापी, चेपणं, उचलणं ही कामं मुख्यतः तळावरच्या आणि मोहिमेच्या कामकरी माणसांची. तरुणांची टोळकी अधूनमधून येत, हातभार लावत, पण त्यांचं खरं काम दूर, आपापल्या देशात होतं. 'तरुणांनी अंटार्क्टिका साफ केला' असं वाक्य या मोहिमेबद्दल वाचायला मिळतं, ते अर्धवट खरं आहे. तरुणांनी साफसफाईसाठी पैसा आणि दबाव उभा केला, असं म्हणणं योग्य. मला वाटतं हे जास्त मोलाचं आहे, पण प्रसिद्धीपत्रकात ते तितकं खुलत नाही.

किती भंगार निघालं याचे दोन आकडे ऐकू येतात. काही ठिकाणी हजार टन म्हटलेलं असतं, स्वॉन यांच्या नंतरच्या भाषणांत तो दीड हजारापर्यंत जातो. मोठ्या कामाचे आकडे सांगता सांगता वाढतात हा सार्वत्रिक अनुभव आहे. हजार धरला तरी काम लहान होत नाही. २००२ मध्ये जोहान्सबर्गच्या शिखर परिषदेच्या वर्षी मोहीम पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. रिओला दिलेली तारीख पाळली गेली.

अडचणीचा प्रश्न

अंटार्क्टिक कराराचा पर्यावरणविषयक शिष्टाचार (प्रोटोकॉल, म्हणजे कराराला जोडलेली नियमावली) माद्रिदमध्ये ऑक्टोबर १९९१ मध्ये मंजूर झाला आणि १४ जानेवारी १९९८ पासून अमलात आला. त्याचं तिसरं परिशिष्ट पूर्णपणे कचऱ्यावर आहे, आणि ते वाचण्यासारखं आहे. कचऱ्याचे पाच गट पाडले आहेत : सांडपाणी, इंधनासह इतर द्रव आणि रसायनं, जाळता येणारा घन कचरा, बाकीचा घन कचरा, आणि किरणोत्सर्गी पदार्थ. बॅटऱ्या, द्रव इंधनं, जड धातू असलेला कचरा, बहुतेक प्लास्टिक, रिकामी पिंपं खंडाबाहेर न्यायलाच हवीत. पॅकिंगमधले थर्माकोलचे मणी तर मुळात अंटार्क्टिकात न्यायलाच बंदी आहे, कारण ते एकदा वाऱ्यावर उडाले की गोळा करणं अशक्य. आणि जुन्या कचराकुंडांबद्दल स्पष्ट लिहिलं आहे : ज्यानं केलं त्यानं साफ करायचं. सूट दोनच बाबतीत, ऐतिहासिक वारसा म्हणून जपलेली वास्तू, किंवा उचलल्यानं ठेवण्यापेक्षा जास्त नुकसान होणार असेल तर.

म्हणजे बेलिंग्सहाउझेनचं भंगार उचलण्याचं कर्तव्य रशियाचं होतं. जगाला वाचवायला दुसरं कुणीतरी येईल ही समजूतच पृथ्वीला सर्वांत मोठा धोका आहे, असं स्वॉन यांचं एक गाजलेलं वाक्य आहे. इथे तर नेमकं तेच घडलं. रशियाच्या ढिगासाठी दुसरं कुणीतरी आलं.

हे बोचतं खरं, पण मी त्याला मोहिमेचा दोष मानत नाही. मोहीम सुरू झाली तेव्हा शिष्टाचार लागू व्हायचा होता आणि रशियाच्या तिजोरीत खडखडाट होता. कायद्याची वाट पाहिली असती तर पिंपं आणखी गंजली असती आणि गाळ जमिनीत मुरला असता. मात्र आदानप्रदानात आलेल्या तरुणाला हा पेच उलगडून सांगायला हवा. कचरा उचलणं हे दान आहे की कुणाचं तरी थकलेलं देणं, यावर वीस वर्षांच्या मुलांना वाद घालू द्यायला हवा. पंचवीस देशांची मुलं एकत्र बसतात तेव्हा हा वाद रंगतोही, कारण त्यातल्या काही मुलांच्या देशांत श्रीमंत देशांचा कचरा बोटींनी येऊन पडत असतो.

ढीग संपल्यावर

पुढची गोष्ट मला कमी पटते. मोहिमेतून उभी राहिलेली '२०४१' ही संस्था दरवर्षी तरुणांना आणि नोकरदारांना अंटार्क्टिकाला नेऊ लागली. सुरुवातीच्या काळात काही चांगले प्रयोग झाले. संस्थेच्या ६७ फुटी पोलादी नौकेला प्लास्टिकच्या बाटल्यांपासून बनवलेली शिडं लावली गेली. बेलिंग्सहाउझेनपाशीच एक छोटं शिक्षणकेंद्र उभारून २००८ मध्ये स्वॉन आणि साथीदार फक्त सूर्य आणि वाऱ्याच्या विजेवर दोनेक आठवडे तिथे राहिले. पण हळूहळू भर नेतृत्व-विकासावर गेला. अर्जेंटिनातल्या उशुआइयाहून जहाज सुटतं, व्याख्यानं होतात, हिमनग दिसतात, माणसं भारावून परत येतात. भारावणं खोटं नसतं. फक्त उचलायला आता ढीग नाही, आणि २००२ सारखी हिशेबाची तारीख नाही.

संस्थेच्या नावातला २०४१ हा आकडाही थोडा दिशाभूल करतो. माद्रिदच्या शिष्टाचारानं अंटार्क्टिकात घातलेली खाणकामावरची बंदी २०४१ मध्ये संपते अशी समजूत त्यातून पसरली आहे. शिष्टाचाराप्रमाणे आढावा परिषद मागण्याची सोय तो अमलात आल्यापासून पन्नास वर्षांनी, म्हणजे २०४८ पासून, आहे, आणि त्या दिवशीही बंदी आपोआप उठत नाही.

त्यात प्रवासाचा स्वतःचा बोजा. अंटार्क्टिकाला जाणाऱ्या पर्यटकांची संख्या २०२२-२३ च्या हंगामात लाखावर गेली. पर्यटन-जहाजांच्या काजळीनं बर्फ काळवंडतो आणि लवकर वितळतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दर पर्यटकामागे सुमारे ८३ टन बर्फ या कारणानं लवकर वितळतं असा अंदाज मांडला होता. ढिगाच्या कामासाठी गेलेल्या पस्तीस जणांच्या बाबतीत हा खर्च समर्थनीय होता. नुसतं बघायला जाणाऱ्यांच्या बाबतीत तो तितकासा पटत नाही. भारतातूनही बरेच विद्यार्थी या फेऱ्यांना जातात, त्यासाठी लाखो रुपये उभे करतात, वर्गणीसाठी आवाहनं करतात. परत आल्यावर शाळा-महाविद्यालयांत बोलतात. त्यांच्या कळकळीबद्दल शंका नाही. माझी एवढीच अपेक्षा आहे, की वर्गणी देणाऱ्यानं विचारावं : जाऊन काय हलवणार, किती, आणि कधीपर्यंत?

गोव्याशी धागा

या विषयाची आपल्याकडची दोरी वास्कोला बांधलेली आहे. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली, आणि ध्रुवीय व महासागर संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आज वास्कोत आहे. आपला पहिला तळ, दक्षिण गंगोत्री, बर्फाखाली जात राहिला आणि १९९० च्या सुमारास सोडून द्यावा लागला. कचरा आणि जुनं बांधकाम हा प्रश्न म्हणजे आपल्यासाठी परक्याची गोष्ट नाही. त्यानंतरचा मैत्री तळ खडकावर आहे. २०१२ चा भारती तळ १३४ कंटेनर जोडून बांधला, गरज संपल्यावर सुटा करून परत नेता यावा असा. २०२२ मध्ये संसदेनं अंटार्क्टिक कायदा केला, त्यात कचऱ्याच्या विल्हेवाटीची जबाबदारी आणि दंडही आहे. कोकण-गोव्याच्या महाविद्यालयातल्या मुलांना अंटार्क्टिकाचा कचरा समजून घ्यायचा असेल तर विमानाचं तिकीट काढण्याआधी वास्कोची बस पकडता येते. परिशिष्टातले पाच गट, ते जहाजात कसे रचतात, नोंदी कशा ठेवतात, हे सांगू शकणारी, तिथे हिवाळा काढून आलेली माणसं भेटण्याची शक्यता तिथेच सर्वांत जास्त.

आणि फिल्डेस

ढीग गेल्यावर फिल्डेस स्वच्छ झालं का? जर्मनीतल्या येना विद्यापीठाच्या गटानं या भागाची अनेक उन्हाळे पाहणी केली आणि २००८ मध्ये जर्मन पर्यावरण विभागासाठी त्याचा अहवाल दिला. त्यात तळांभोवती विखुरलेला कचरा, तेलानं खराब झालेली जमीन, वाहनांनी तुडवलेलं शेवाळ यांच्या नोंदी आहेत, आणि त्या एकट्या रशियाच्या तळापुरत्या नाहीत. तेल मुरलेली माती चेपून जहाजात भरता येत नाही, तिला भंगाराचा भावही नाही, आणि तिचा फोटो चांगला येत नाही. तिच्यासाठी अजून कुणी पंचवीस देशांतली मुलं जमवलेली नाहीत.